चर कुठे खणायचे? निकष, नकाशा आणि गावाचं मत एकत्र बसवण्याची रीत

पाणलोटाचा आराखडा करताना उतार, माती, भूजल असे पाच-सहा नकाशे घ्यायचे, प्रत्येकाला काही टक्के भारांक (महत्त्वाचा वाटा) द्यायचा, बेरीज करायची आणि जो भाग गडद हिरवा दिसेल तिथं काम काढायचं, ही पद्धत आता सर्रास वापरली जाते. नकाशा देखणा निघतो. मग तो ग्रामसभेत अडतो. कधी त्याहून वाईट होतं: तो मंजूर होतो आणि पहिल्याच चराईच्या हंगामात चर बुजवले जातात. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. भारांक कार्यालयात ठरतात, लोकांना नकाशा झाल्यावर बोलावलं जातं आणि गटागटांतला मतभेद सरासरीत विरघळून जातो. खालचा क्रम त्यासाठीच लिहिला आहे.

उदाहरण माणदेशासारख्या पर्जन्यछायेतल्या पाणलोटाचं घेतलं आहे. माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात बेसाल्टचे माळ, रब्बी ज्वारी आणि मेंढपाळी एकाच शिवारात नांदतात, त्यामुळे पाणी आणि चराई यांची ओढाताण इथं स्पष्ट दिसते. पुढे दिलेले गुण आणि भारांक समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत.

## १. निर्णय एका वाक्यात लिहा

"जलसंधारणासाठी योग्य क्षेत्र शोधणे" हा निर्णय नाही. पाझर तलावाला योग्य जागा वेगळी, सिमेंट नाला बांधाला वेगळी, सलग समतल चरांना (उताराला आडव्या, एकाच उंचीच्या रेषेवर खणलेल्या लांब चरांना) आणखी वेगळी. तिन्हींना मिळून एकच योग्यता नकाशा केला, तर तो एकाही कामाला नीट उपयोगी पडत नाही.

वाक्य असं हवं: "पहिल्या वर्षी कुठल्या ६० हेक्टरवर सलग समतल चर खणून चराईबंदी करायची?" यात काय करायचं, किती करायचं आणि कधी करायचं, तिन्ही आलं. चराईबंदीचा शब्द मुद्दाम घातला आहे. तो वगळून लोकांची संमती घेतली, तर ती संमती फक्त चरांना असते, बंदीला नसते.

तपासा: हे वाक्य मेंढपाळाला, विहीर बागायतदाराला आणि ग्रामसेवकाला वाचून दाखवा. तिघांना त्यातून एकच काम समजलं, तरच पुढे जा.

## २. कोणाला विचारायचं ते आधी ठरवा, आणि कधी तेही

निर्णयाने ज्यांचं काही वाढेल किंवा कमी होईल, त्यांची यादी करा: वरच्या अंगाचे कोरडवाहू शेतकरी, खालच्या अंगाचे विहिरीवाले, मेंढपाळ, शेळ्या पाळणारी भूमिहीन घरं, सरपण आणि पाणी आणणाऱ्या बाया, वनजमीन असेल तर वन विभाग. शेळ्यांची राखण बऱ्याच घरी बायका आणि म्हातारी माणसं करतात. त्यामुळे "पशुपालक" म्हणून चार पुरुषांना बोलावलं, तर निम्मी माहिती बाहेरच राहते.

आता कधी विचारायचं ते. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या पट्ट्यातले बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे किंवा इतर भागांत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. २६ जानेवारीच्या सभेत चराईबंदी "एकमताने" मंजूर होते, तेव्हा ज्यांची चराई बंद होणार ती माणसं गावात नसतात. या एका चुकीने संपूर्ण आराखडा वाया जातो. मेंढपाळांची बैठक पावसाळ्यात घ्या, किंवा ते जिथं तळ देऊन आहेत तिथं जाऊन बोला.

इशारा: सगळ्यांना एकाच बैठकीत बसवून भारांक काढू नका. मोठ्या बागायतदारासमोर त्याच्याच रानात मजुरीला जाणारी बाई वेगळं मत मांडत नाही. गटवार बसा. महिला ग्रामसभेची तरतूद आहेच, तिचा उपयोग करून घ्या.

## ३. निकष थोडे ठेवा

चार ते सहा पुरेत. प्रत्येक निकषाला एकच कसोटी लावा: हा निकष काढून टाकला तर कुठल्या तरी दोन जागांचा क्रम बदलेल का? बदलणार नसेल तर तो नको.

पावसाचं उदाहरण घ्या. पाणलोटात पाऊस महत्त्वाचा, हे कोणीही सांगेल. पण दोन-तीन गावांच्या क्षेत्रात एका टोकाला ५१० मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ५४० मिलिमीटर असेल, तर या फरकावर जागा निवडता येत नाही. तरीही पावसाचा लेयर (नकाशाचा एक थर) घातला जातो, त्याला ३० टक्के भारांक मिळतो. मग ० ते १ च्या पट्टीवर आणताना ५१० चा ० होतो आणि ५४० चा १. ज्या ३० मिलिमीटरला शिवारात काही अर्थ नाही, ते नकाशावर एका बाजूला तब्बल ०.३० गुण देऊन जातात.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं. उतार आणि उतारावरूनच काढलेला धूप निर्देशांक असे दोन्ही लेयर घेतले, की उताराला गुपचूप दुप्पट भारांक मिळतो.

आपल्या उदाहरणासाठी चार निकष घेऊ: उन्हाळ्यातली पाणीटंचाई, खडकाची पाणी जिरवण्याची क्षमता, उतार आणि चराईचा सध्याचा वापर.

## ४. बंधन वेगळं, निकष वेगळा

बंधन म्हणजे "इथं नाहीच". निकष म्हणजे "इथं जास्त बरं, तिथं कमी". या दोन गोष्टींची मिसळ करणं ही या पद्धतीतली सर्वांत महाग पडणारी चूक. भारित बेरजेचा स्वभावच असा, की एका निकषात मार खाल्लेली जागा बाकीच्यांच्या जोरावर वर येते. बिरोबाच्या ठाण्याभोवतालची जागा "सांस्कृतिक महत्त्व: ०.१" असे गुण देऊन बेरजेत घातली, तर चांगला उतार आणि चांगला खडक तिला निवडीत आणून बसवतील. तिथं कोणीही चर खणू देणार नाही. ती बेरजेत घालायचीच नाही, आधीच वगळायची.

बंधनांचा एकच लेयर करा, ज्यात १ म्हणजे चालेल आणि ० म्हणजे नाही. घरं, रस्ते, देवस्थानं, दफनभूमी, परवानगी नसलेली वनजमीन, तांत्रिक मर्यादेबाहेरचा उतार आणि मालकाने लेखी नकार दिलेले जमिनीचे गट यात येतात. कळपांची पाण्यावर जायची वाटही याच लेयरमध्ये घ्या. ही वाट कुठल्याही उपग्रह नकाशात सापडणार नाही.

तपासा: बंधनं लावल्यावर किती क्षेत्र उरलं ते मोजा. हवं असलेलं क्षेत्र ६० हेक्टर आणि उरलेलं ७० हेक्टर असेल, तर बहुनिकष विश्लेषणाची, म्हणजे या भारित बेरजेची, गरजच नाही. थेट चर्चा करा, वेळ वाचेल.

## ५. लेयर तयार करताना

आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्रासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला ईपीएसजी क्रमांक ३२६४३. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, झोन ४४ म्हणजे ३२६४४. डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) अक्षांश-रेखांशात ठेवूनच उतार काढला, तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये धरतं. मग सपाट माळसुद्धा ८०-९० अंशांचा कडा दिसू लागतो. ही चूक निदान दिसते तरी. अंश आणि टक्के यांची गल्लत दिसत नाही: १० टक्के उतार म्हणजे जेमतेम ५.७ अंश, आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के. जलसंधारणाच्या कामांचे सरकारी तांत्रिक निकष टक्क्यांत असतात. तुमचा लेयर कशात आहे ते त्याच्या नावातच लिहा.

सगळे लेयर एकाच पिक्सेल आकारात (पिक्सेल म्हणजे नकाशाचं एक चौकोनी घर), एकाच चौकटीत आणि एकाच आरंभबिंदूवर बसवा. ३० मीटरचा पिक्सेल ९०० चौरस मीटरचा, म्हणून ६० हेक्टर म्हणजे सुमारे ६६७ पिक्सेल. आकार बदलताना उंचीसारख्या सलग मूल्यांना बायलिनिअर (शेजारच्या मूल्यांची सरासरी घेणारी) पद्धत चालते. जमीन वापराच्या वर्गांना मात्र निअरेस्ट नेबरच (सर्वांत जवळचं मूल्य जसंच्या तसं घेणारी पद्धत) वापरा, नाहीतर वर्ग २ आणि वर्ग ४ यांच्या मधोमध कुठंच नसलेला वर्ग ३ तयार होतो.

जमीन वापर. इथं थांबून बघा. या भागात ज्वारी रब्बीची, पेरणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऑगस्टच्या उपग्रह चित्रात ही रानं उघडी दिसतात आणि आपोआप "पडीक" ठरतात. डिसेंबर-जानेवारीचं चित्र सोबत घेतलंच पाहिजे. त्याहून मोठा प्रश्न गवताळ माळांचा आहे. अधिकृत वर्गवारीतही झुडपी माळ पडीक जमिनीत मोडतो. असा तयार लेयर घेऊन "पडीक = सर्वाधिक योग्य" असं लिहिलं, की कळपांचा सगळा पावसाळी चारा पहिल्याच फटक्यात उपचार क्षेत्रात जातो. हा लेयर वापरा, पण चराईच्या वापराचा लेयर माणसांसोबत बसून वेगळा काढा.

खडक. भूशास्त्रीय नकाशावर अख्खा पाणलोट "बेसाल्ट" असा एकाच रंगात असतो. विहीर खोदणाऱ्याला विचारा. काळा पाषाण कुठं लागतो, मांजऱ्या कुठं, मुरूम किती फुटांपर्यंत, हे तो विहिरीगणिक सांगेल. सलग, भेगा नसलेल्या काळ्या पाषाणात पाणी फारसं जिरत नाही. कुजलेला, सच्छिद्र मांजऱ्या खडक असेल तर जिरतं. विहिरींच्या काठावरची ही नोंद कुठल्याही तयार लेयरपेक्षा जास्त कामाची आहे.

पाणी पातळी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते. पण एका छोट्या पाणलोटात अशी एखादीच विहीर येते. मे महिन्यात गावातल्या विहिरी स्वतः मोजा.

इशारा: पाच-सात विहिरींवरून आंतरगणनाने (मधल्या जागांची मूल्यं अंदाजाने भरून) काढलेला गुळगुळीत पृष्ठभाग खरा मानू नका. मध्ये डाईक (खडकात घुसलेली भिंतीसारखी उभी पट्टी) किंवा टेकडीची धार असेल, तर दोन्ही बाजूंच्या विहिरींचा एकमेकींशी संबंध नसतो. अशा वेळी उपपाणलोटवार सरासरी धरलेली बरी.

तपासा: प्रत्येक रास्टरची (पिक्सेलच्या लेयरची) किमान आणि कमाल किंमत बघा. कुठं -९९९९ दिसलं तर ती नोंद नसलेली जागा आकडा म्हणून बेरजेत शिरते आहे.

## ६. पट्टी लोकांसोबत ठरवा

सगळे निकष ० ते १ वर आणायचे, १ म्हणजे कामाला उत्तम. सरळ किमान-कमाल सूत्र लावण्याआधी दोन प्रश्न विचारा.

दिशा कोणती? चराईच्या लेयरमध्ये जास्त वापर म्हणजे कमी गुण. ही दिशा उलटी राहून गेली, तर नकाशा नेमकं सर्वांत वापरातलं गायरान निवडतो, आणि गावाला ती चूक न वाटता डाव वाटतो.

रेषा सरळ आहे का? उतार वाढला की चर जास्त हवे, पण एका मर्यादेपुढे ते टिकत नाहीत. म्हणजे गुण आधी चढतात, काही पट्ट्यात स्थिर राहतात, मग उतरतात. पाणी पातळीचंही तसंच: विहीर मार्चमध्ये आटते की मेमध्ये, हा फरक शेतकऱ्याला मोठा. जूनपर्यंत पाणी टिकणाऱ्या दोन विहिरींत दोन फुटांचा फरक असला, तर त्याला त्याचं काही नाही. हे वळण त्यांच्याकडूनच येऊ द्या.

## ७. भारांक: आधी पल्ला सांगा, मग विचारा

"पाणी महत्त्वाचं की चराई?" हा प्रश्न निरर्थक आहे. उत्तर देणाऱ्याच्या मनात सगळं पाणी विरुद्ध सगळी चराई अशी तुलना होते. तुमच्या लेयरमध्ये मात्र एका ठरावीक पल्ल्याचाच फरक आहे.

प्रश्न असा विचारा: "समजा एक जागा सगळ्याच बाबतीत वाईट आहे. खालच्या विहिरी मार्चला आटतात त्या मेपर्यंत टिकतील, किंवा वर्षाचे चार महिने चराई असलेली जागा सोडून चराई नसलेली मिळेल. यातली एकच सुधारणा मिळणार असेल तर कुठली घ्याल?" मग दुसरी, तिसरी. असा क्रम लागला की पन्नास चिंचोके समोर ठेवा आणि सुधारणांच्या चित्रांवर वाटायला सांगा. चिंचोके हाताने हलवता येतात, परत घेता येतात, शेजारणीशी वाद घालून पुन्हा मांडता येतात. लिहिता-वाचता न येणाराही बरोबरीने भाग घेतो. शेवटी मोजायचे आणि पन्नासने भागायचं.

जोडीजोडीने तुलना करणारी एएचपी पद्धत वापरायची असेल तर निकष कमीच हवेत. ४ निकषांना ६ तुलना पुरतात, ८ निकषांना २८ लागतात आणि विसाव्या तुलनेला माणूस कंटाळून काहीही सांगतो. उत्तरांतली विसंगती मोजणारं सुसंगतता गुणोत्तर ०.१० च्या खाली असावं असा संकेत आहे. ते वर गेलं तर उत्तर देणाऱ्याकडे परत जा आणि विसंगत जोडी दाखवा. टेबलावर बसून आकडे "दुरुस्त" केले, तर ते मत त्या माणसाचं राहत नाही.

इशारा: बैठकीतल्या बडबड्या माणसाचे चिंचोके आधी मांडू देऊ नका. बाकीचे त्याचीच नक्कल करतात.

## ८. प्रत्येक गटाचा नकाशा वेगळा काढा

आता सूत्र सोपं आहे. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक लेयर गुणिले त्याचा भारांक, त्यांची बेरीज, आणि शेवटी सगळ्याला बंधनांच्या लेयरने गुणायचं. भारांकांची बेरीज १ येते ना, ते बघा.

बहुतेक जण इथं गटांच्या भारांकांची सरासरी घेऊन एकच नकाशा काढतात. त्याने काय होतं ते आकड्यांत पाहू. तीन जागा आहेत, वेगवेगळ्या ओहोळांच्या माथ्याला. गुण या क्रमाने: टंचाई, खडक, उतार, चराई.

- गायरानाचा मोठा माळ: ०.९, ०.८, ०.७, ०.१
- गावालगतचा उतार: ०.५, ०.६, ०.६, ०.९
- पश्चिमेकडचा उतार: ०.७, ०.७, ०.६, ०.७

विहिरीवाल्यांचे भारांक ०.४०, ०.३०, ०.२०, ०.१०. मेंढपाळांचे ०.१५, ०.१५, ०.१०, ०.६०.

विहिरीवाल्यांच्या हिशेबात माळ ०.७५, गावालगतचा ०.५९, पश्चिमेचा ०.६८. मेंढपाळांच्या हिशेबात माळ ०.३९, गावालगतचा ०.७७, पश्चिमेचा ०.६९. भारांकांची सरासरी घेतली तर माळ ०.५७, गावालगतचा ०.६८ आणि पश्चिमेचा ०.६९.

सरासरीच्या नकाशावर शेवटच्या दोन जागा एकाच रंगात येतील आणि यातली कुठलीही घ्या असं वाटेल. प्रत्यक्षात गावालगतचा उतार विहिरीवाल्यांच्या यादीत शेवटचा आहे. पश्चिमेचा उतार मात्र दोघांच्याही यादीत दुसरा आणि दोघांच्याही पहिल्या पसंतीच्या जवळ आहे. ही गोष्ट सरासरीत दिसत नाही, दोन नकाशे शेजारी ठेवल्यावरच दिसते.

म्हणून तीन गोष्टी करा. प्रत्येक गटाचा नकाशा काढा. मग प्रत्येक पिक्सेलला सर्व गटांतले सर्वांत कमी गुण देणारा नकाशा काढा, म्हणजे कुठलीच बाजू भरडली जात नाही अशा जागा वर येतात. शेवटी कमाल वजा किमान असा मतभेदाचा नकाशा काढा. चर्चा कुठं करायची ते तो सांगतो. इथं गायरानाच्या माळावर ०.३६ चा फरक आहे, पश्चिमेच्या उतारावर फक्त ०.०१.

तपासा: सगळ्या नकाशांना रंगांचे टप्पे एकच द्या. सॉफ्टवेअरने प्रत्येक नकाशाचे टप्पे आपोआप ठरवले, तर एकाच हिरव्या रंगाचा अर्थ दोन नकाशांत वेगळा होतो.

## ९. हलवून बघा

प्रत्येक भारांक २० टक्क्यांनी वर-खाली करा, बाकीचे प्रमाणात बदलून बेरीज पुन्हा १ वर आणा आणि दरवेळी वरचे ६० हेक्टर निवडा. जो पिक्सेल बहुतेक वेळा निवडीत राहतो तो पक्का. जो कधी आत, कधी बाहेर, तो "चर्चेवर" म्हणून वेगळा रंगवा. सुटे पिक्सेल सीव्ह (चाळणी) साधनाने काढून टाका, कारण सलग समतल चर एकट्या-दुकट्या चौकटीत खणता येत नाहीत.

## १०. शिवारफेरी, मग ग्रामसभा

पक्के आणि चर्चेवरचे दोन्ही भाग घेऊन प्रत्येक गटातल्या माणसांसोबत पायी फिरा. जमिनीच्या गट क्रमांकांचे नकाशे महाभूनकाशा या संकेतस्थळावर मिळतात, पण उपग्रह चित्रावर बसवताना ते सरकलेले असू शकतात. बांध, विहीर, जुना दगड अशा खुणांवरून जुळवून घ्या. सातबारावर गायरान असलेल्या जमिनीत प्रत्यक्ष कोणाची वहिवाट आहे, तेही फेरीतच कळतं.

जिथं जागा नापसंत होते तिथं कारण लिहून घ्या. ते कारण बंधन असेल तर बंधनांच्या लेयरमध्ये जाईल, निकष असेल तर पट्टी बदलेल. नकाशा हाताने खोडून "ही जागा काढली" असं करू नका. मग पुढच्या माणसालाही तसंच हवं असतं आणि आराखडा वशिल्यावर चालू लागतो.

ग्रामसभेपुढे जाताना मोठा छापील नकाशा न्या. त्यावर ओढ्यांची, माळांची, देवळांची गावातली नावं हवीत. उत्तर दिशेचा बाण बघून वाचणारे थोडे, बिरोबाच्या देवळावरून वाचणारे सगळे. ज्यांच्या जमिनीचे गट निवडीत आले आहेत त्यांना ते सभेत पहिल्यांदा कळता कामा नये, आधी घरी जाऊन सांगा. ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: जमिनीचे कुठले गट, किती वर्षं चराईबंदी, त्या काळात कळपांना पर्यायी चराई कुठं, आणि बंदी उठल्यावर गवत कापायचा पहिला हक्क कोणाचा. निकषांची पट्टी, गटवार भारांक आणि मतभेदाचा नकाशा ठरावाला जोडून ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या वर्षीच्या ६० हेक्टरसाठी हिशेब तिथूनच सुरू करायचा आहे. फक्त मे महिन्यात विहिरी पुन्हा मोजा, आणि चिंचोके पुन्हा मांडायला पावसाळ्यात कळप गावात येईपर्यंत थांबा.